आप्पांनी बसवलेलं स्टेअरिंग

आप्पा,

भाजी घेऊन मार्केटला चाललेय. तुम्हाला झोप लागलीय म्हणून उठवलं न्हाई. तुमचा चष्मा पिकअपच्या सीटखाली सापडला, टीव्हीजवळ ठेवलाय. भाकरी झाकून ठेवलीय, खाल्ल्यावर बीपीची गोळी घ्या.

परवा कणकुंबीच्या वळणावर स्टेअरिंग अर्धा फेरा नुसतंच फिरलं, गाडी वळलीच न्हाई. कशीबशी कडेला थांबवली. तुम्हाला सांगितलं न्हाई, चुकलं माझं. ‘विकून टाक ती जुनी गाडी’ म्हणाल, अशी भीती वाटली.

आज गाडी काढली, तर जरा फिरवलं की चाक वळतंय. दारात शेजारच्या सोनुबाई भेटल्या. म्हणाल्या, “काल दुपारभर तुझे सासरे गाडीत उताणे पडून स्टेअरिंगचा दांडा खोलत होते. मदत करू का म्हटलं, तर म्हणाले, टॉर्च धर, आणि समताला सांगू नको.”

मी न सांगताबी बिघाड ओळखलासा, आणि लकवा मारलेल्या हातानं नवा जॉइंट बसवलासा, आप्पा! डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होतासा, तवाबी एवढं अवघड काम पडलं नसेल.

तुमचा दीपंकर वारल्यापासून त्याच्या गाडीला तुम्ही हात लावला न्हवता. मी चालवू नये म्हणून तुम्ही रागवायचासा, ते कशापायी हेबी मला कळत होतं. लई उपकार झाले. तोंडावर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहिलं.

अकरापर्यंत येते. मग तुम्ही पुढं बसा, कंग्राळीपर्यंत एक फेरी मारू. मी हळू चालवते.

समता