खालच्या रांगेतले घर

हे मृत्युपत्र लिहिण्याची वेळ आजाराने आणलेली नाही, मुलीच्या फोनने आणली. माझे वय चौऱ्याहत्तर, पदवी विज्ञानाची, नोकरी जन्मभर बर्फाच्या कारखान्यात. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. काही शेजाऱ्यांना ते मान्य नाही. पुढचा मजकूर कोणाच्याही सांगण्यावरून लिहिलेला नाही.

मुलगी म्हणाली, "आई, मी परत येतेय. कायमची."

वीस वर्षे या वाक्याची वाट पाहिली. तोंडून निघाले ते, "जेवलीस का?"

"खालचं घर माझ्या नावावर कर. वर त्या टाकीमागे मला नाही राहायचं."

"खालचं घर आता कोणाच्याच नावावर होत नाही."

"नियम तूच केलास ना? मग तूच मोड."

तिने फोन ठेवला. उत्तर येथे देते.

कलम १. समुद्रालगतच्या रांगेतले माझे राहते घर मी कोणालाही देत नाही. भरतीचे पाणी पायऱ्या सोडून घरांत शिरू लागले, तेव्हा वस्तीने बसून आराखडा केला. पाणी कुठवर आले ते ज्याने त्याने आपल्या भिंतीवर हात ठेवून दाखवले, त्यावरून रेघ ठरली. रेघेखालचे घर मालक जिवंत असेपर्यंत त्याचे. नंतर ते पाडायचे, जागा खारफुटीला सोडायची आणि वारसाला चढावर घर द्यायचे. हा नियम मी सुचवला, पहिली सही माझी. सिमेंटचे दुकानदार भर सभेत म्हणाले होते, "बाई, लेकीची वेळ आली की बघू." बघा आता. मी मोडला तर सगळी रांग मोडेल, आणि एखाद्या मोठ्या भरतीला त्या घरांत कोणाची तरी लेकरे झोपलेली असतील.

कलम २. चढावरचे घर मुलीला. चढावरच्या घरांसाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आराखडा समितीची अध्यक्ष म्हणून उरलेली चिठ्ठी मी घेतली, म्हणून पुढ्यात पाण्याची टाकी आली. तेथून समुद्र दिसत नाही, हे मी नाकारत नाही.

खालच्या स्वयंपाकघराची खिडकी चौकटीसह वर बसवावी. तिच्या कट्ट्यावर बसून मुलगी अभ्यास करायची. तिचे बाबा धक्क्यावर बोटींची इंजिने दुरुस्त करत. ते निघालेले दिसले की ती ओरडायची, "आई, चहा टाक!" ते वारल्यावरही ती काही दिवस तेथेच बसायची. आता मी बसते.

सुतार म्हणाला, "बाई, वर या खिडकीतून टाकीच दिसेल."

"वारा येईल," मी म्हटले.

मुलगी आली तर मीही त्याच दिवशी खालचे घर सोडून तिच्याबरोबर वर राहीन. माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कलम ३. बँकेतील ठेव अर्धी मुलीला. अर्धीतून चढाच्या वाटेला कठडा करावा, दोन्ही बाजूंनी. पाणी आले तरी आमची म्हातारी माणसे एकमेकांचा हात धरणार नाहीत. भांडणे जुनी आहेत.

कलम ४. मुलीच्या बाबांची पान्यांची पेटी पंपघराच्या मेकॅनिकला. बर्फाचे चिमटे कारखान्याला. आम्ही कारखाना सर्वांत आधी वर नेला, तेव्हा मच्छीमार म्हणाले, "खाली येईस्तोवर पाणी होईल बर्फाचं." मी म्हटले, "भुसा जास्त घाला." अजून त्यांची मासळी नासलेली नाही.

कलम ५. घर पाडल्यावर दारातली दगडी पायरी सिमेंटच्या दुकानदारांना द्यावी. तिच्यावर उभे राहून त्यांनी समुद्राला भिंत घालण्यावर इतकी भाषणे केली आहेत की तिच्यावर त्यांचाच हक्क पोहोचतो.

साक्षीदार: १. सिमेंटचे दुकानदार. मुद्दाम बोलावले. वाचून झाल्यावर म्हणाले, "बाई, लेकीला एकदा विचारा तरी." मी पेन पुढे केले. त्यांनी सही केली. २. दवाखान्यातील परिचारिका, आराखडा समितीची चिटणीस. सही केली.

ठिकाण: खालच्या घराचे स्वयंपाकघर. दिनांक ७ सप्टेंबर. माझी सही खाली आहे.

आज ताब्यात दिले: खिडकी, चौकट व कड्यांसह, सुताराकडे; भोकाला सध्या ताडपत्री आहे. पान्यांची पेटी मेकॅनिककडे. खालच्या घराचे मूळ कागद परिचारिकेकडे.

वरच्या घराची किल्ली कोणाकडेही दिलेली नाही. ती टपालाने जाणार नाही. ती माझ्याकडे आहे, आणि माझ्या हातातूनच घ्यायची आहे.