गाऱ्हाण्यातले नाव

लाटंबार्से,
२० सप्टेंबर १९८७

प्रिय सगुण,

सप्रेम नमस्कार. हस्ताक्षर ओळखून पाकीट न फोडता ठेवून देऊ नकोस, एवढी पहिली विनंती. इकडे बरे आहे. भात पोटरीला आले आहे आणि माझे गुडघे उतरणीला लागले आहेत. धाकटी सिद्धी पणजीला इतिहास शिकते आणि शनिवारी घरी आली की माझ्याच परीक्षा घेते.

गोवा राज्य झाले, तसा आपल्या देवस्थानालाही जोर चढला. दसऱ्याला मंडपात संगमरवरी फरशी बसवून तिच्यावर गावाची कथा कोरायचे ठरले. तुला ती पाठ आहे. शिकारीत वाट चुकलेला कदंब राजा आपल्या झरीवर आला, एका गावकाराने त्याला पाणी दिले आणि राजाने त्या घराला दसऱ्याच्या पहिल्या नारळाचा मान दिला. भाषेचा वाद पेटला तेव्हा दोन्हीकडचे लोक माझ्याकडे येऊन गेले. एकाला तो राजा मराठी बोलणारा हवा होता, दुसऱ्याला कोंकणी. मी म्हटले, तहानलेल्या माणसाने नुसती ओंजळ पुढे केली असेल. दोघेही रागावून गेले.

सिद्धी म्हणते, असा कोणी राजा आल्याचा पुरावाच नाही. त्या काळी नव्याने ताब्यात आलेल्या गावात राजाला पाहुणा म्हणून मिरवायला अशी गोष्ट उपयोगी पडे, आणि पाणी पाजले म्हणून गावालाही शेतसाऱ्यात सूट मागता येई. हे ऐकून मला केवढा धीर आला म्हणून सांगू! सगळेच गोष्टी वाकवत आले, मग मी एकट्याने असे काय केले?

पण फरशीचा मजकूर लिहायला तिने माझ्या वडिलांची वही काढली, दसऱ्याला गावाच्या वतीने देवापुढे घालायचे गाऱ्हाणे लिहिलेली.

"बाबा, हांगा सगुणकाकाचें घर बरयलां," एका ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली. "आमचें न्हय."

मी उठून जनेलाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिलो.

सगुण, नाव मी बदलले. एकाहत्तरच्या दसऱ्याला तुझी आई वाळपईला इस्पितळात होती, तू येऊ शकला नाहीस. वडील गेल्यावर गाऱ्हाणे घालायची माझी ती पहिलीच वेळ. तुला सरकारी नोकरी लागली होती, मी अजून शिकवण्या घेत हिंडत होतो, आणि तुझा पेढा माझ्या घशाखाली उतरला नव्हता. देवापुढे उभा राहिलो आणि राजाला पाणी देणारा म्हणून तुझ्या मूळपुरुषाच्या जागी आमच्याचे नाव घेतले. गाव सवयीप्रमाणे "व्हय म्हाराजा" म्हणाला. पुढच्या वर्षी तू नारळ घेऊन आलास, तेव्हा सगळ्यांदेखत मी विचारले, देवापुढे सांगितलेले खोटे कसे असेल? तू नारळ घेऊन परत फिरलास. तुझ्या पाठीकडे बघतच मी आमचा फोडला.

राजाची गोष्ट खोटी असेल. पण जुन्या माणसांनी ती सांगून गाव राखला. मी तीच सांगून एक घर गावाबाहेर घालवले. त्यांच्या आड लपायची माझी लायकी नाही.

प्रमोदला, माझ्या भावाला, हे सांगितले. तो देवस्थानाच्या समितीवर आहे.

"दादा, सोळा वर्सां गांव व्हय म्हणटा," तो म्हणाला. "आतां घराची अब्रू कित्याक घालयता?"

"घालयली ती तेन्नाच," मी म्हटले. "आतां फकत सांगपाचें उरलां."

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. फरशी कोरणाऱ्याला मात्र मी थांबवून आलो आहे.

दसरा दोन ऑक्टोबरला. गाऱ्हाण्यात आधी माझी लबाडी सांगीन, मग तुझ्या मूळपुरुषाचे नाव घेईन. गावाला होकाराची सवय आहे, म्हणून थांबून थांबून तीनदा विचारीन. कोणी 'नाही' म्हटले तरी नाव तेच राहील. पुढे गाऱ्हाणे माझ्याकडून काढून घेतले तर घेऊ देत.

माफी पत्रातून मागत नाही, ती तोंडावर मागायची असते. तू नारळ घेऊन ये. आला नाहीस, तर आमचा पुढे करणार नाही. पहिल्या नारळाची जागा गावाने रिकामी बघावी.

ज्याच्या घरातल्या कोणीही कुठल्याच राजाला पाणी पाजले नाही, तो तुझा,
कृष्णनाथ