निबचं दुसरं माप

पोलादपूर
शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय चैत्राली,

त्या रविवारी नळाला पाणी साडेसहालाच आलं. मी दोन हंडे आणि बादली भरून घेतली, ओटा पुसला, चहाचं आधण ठेवलं, भाकरीसाठी तांदळाच्या पिठाची उकड काढली. बाबा आंघोळ करून आले आणि त्यांनी वाटीभर कोमट पाणी मागितलं. चार दिवसांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. खिडकीशी बसून त्यांनी पेन उघडलं, उरलेली शाई ओतून टाकली, निब पाण्यात धरली. पाणी निळं व्हायचं थांबेपर्यंत तीनदा वाटी बदलून घेतली. मग ओट्याशेजारच्या कट्ट्यावर घडी केलेल्या फडक्यावर पेन वाळत ठेवलं आणि पाचाडच्या गाडीला गेले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं लग्न होतं. जायचं मन नव्हतं, पण शब्द दिला होता.

तू म्हणशील, आईला बाबांच्या पेनाच्या निबचा नंबर विचारला, तर ही हंडे काय मोजत बसली. नंबर सांगते. पण नुसता नंबर सांगून भागणार असतं, तर दोन महिने मी तुला 'उद्या बघते, परवा बघते' करत राहिले नसते. सकाळपासून हा तिसरा कागद आहे. चार ओळी झाल्या की उठते, ओट्यापर्यंत जाते, काही काम नसतं, परत येते.

तो रविवार म्हणजे २०१८ च्या मे महिन्यातला. त्याच्या आधीच्या बुधवारी तू नागपूरहून फोन करून सांगितलंस, की तुझं आणि अश्वजितचं लग्न नोंदवून झालं. तारीख तू आधी कळवली होतीस. आम्ही आलो नव्हतो. का आलो नाही ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. जातीवरून भावकीत जे बोललं जात होतं, ते ऐकून मीच बाबांना म्हटलं होतं, थोडं थांबू, लोकांची तोंडं मिटली की जाऊ. हे वाक्य माझं होतं, त्यांचं नाही. फोन ठेवल्यावर ते चार दिवस बोलले नाहीत. शाळेच्या नोकरीत आणि नंतरही त्यांनी पेन धुतलं, की त्या दिवशी कुणाला तरी मोठं पत्र जायचं, हे मला ठाऊक होतं. म्हणून त्या रविवारी कोमट पाण्याची वाटी देताना मी मनात म्हटलं, चला, आज चैतूला पत्र जाणार.

ते गेल्यावर मी दूध तापवायला ठेवलं आणि केर काढायला लागले. दूध वर आलेलं दिसलं तशी धावले आणि हाताशी आलं ते फडकं ओढलं. पेन फरशीवर पडलं, तेही तोंडावर. निबचं टोक वर वळलं आणि मधली चीर चोचीसारखी उघडली.

मी तिथेच बसले. ते मला ओरडले नसते, चाळीस वर्षांत ते कधी ओरडले नाहीत. मला भीती वेगळीच होती. चार दिवस गप्प असलेला माणूस आज लिहायला तयार झालाय, आणि पेनच मोडलेलं दिसलं तर तो म्हणेल, राहू दे, नसेल व्हायचं. मग ते पत्र पुन्हा कधी होणार नाही. म्हणून मी भाकऱ्या टाकायच्या तशाच ठेवल्या, पेन पदरात बांधलं आणि दहाच्या एसटीने महाडला गेले.

बाजारात एका दुकानात पेनं आणि निबा मिळायच्या. दुकानदाराने वाकडी निब ओढून काढली, खोक्यातली दुसरी तिच्यावर ठेवून पाहिली. लांबी सारखी, रुंदी सारखी. पेनात बसवली, घट्ट बसली. मला वाटलं, झालं. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण ती दुसऱ्यांनी लिहिलेली आणि छापलेली. चौथीनंतर माझ्या हातात पेन असं कधी आलंच नाही, ते किराण्याच्या यादीपुरतं. निब निबेसारखी दिसली, मला पुरे होतं. फक्त ती फार चकचकत होती. तेवढी त्यांच्या डोळ्यात भरेल म्हणून घरी येऊन मी तिला राखेने घासलं, चमक जाईपर्यंत. वाकडी निब बटणांच्या डबीत तळाशी टाकली. संध्याकाळी ते आले तेव्हा पेन फडक्यावर होतं, जसं ठेवलं होतं तसं.

जेवून त्यांनी ड्रॉपरने शाई भरली आणि लिहायला बसले. मी मुद्दाम आत थांबले. थोड्या वेळाने म्हणाले, "आज जाड उमटतंय गं." आणि मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "शाई नवीन आहे ना, म्हणून असेल."

एवढंच वाक्य. ते मी इतक्या वेळा मनात ऐकलंय, की आता माझा आवाजही मला परका वाटतो.

त्यांचं अक्षर तुला सांगायला नको. हॉस्टेलला असताना एका इनलँडवर दोन इनलँडांचा मजकूर यायचा तुला, आणि तू म्हणायचीस, बाबा सुईने लिहितात का. त्या रात्री 'ध' आणि 'घ' यांची पोटं भरून गेली, अनुस्वार शेजारच्या मात्रेला चिकटले. त्यांनी कागद बाजूला ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा बसले, पुन्हा उठले. एकदा मी पाणी द्यायला गेले, तर उजवा हात ताटावर धरून बघत होते, कापतो का. तुझ्या आजोबांचा हात साठीनंतर कापायला लागला होता. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. शेवटी चहासुद्धा आम्ही पाजायचो. बाबांना तेव्हा एकसष्ट पूर्ण झाली होती आणि ते बहुतेक त्याचीच वाट बघत होते. मी बॉलपेन पुढे केलं, तर म्हणाले, "यात हात कळत नाही. सगळ्यांचं सारखंच येतं." यादी बॉलपेनने लिहायचे. पत्र नाही. महिन्याभराने त्यांनी पेन डबीत घातलं आणि एकदाच म्हणाले, "हात गेला माझा."

मी यावर विश्वास ठेवला नाही, हे तुला आज सांगते. मला वाटलं, हा राग आहे आणि हाताचं निमित्त आहे. तुझा फोन यायचा तेव्हा ते 'जेवलात का, तिकडे ऊन आहे का' याच्यापुढे जायचे नाहीत. पण ते फोनवर कुणाशीच पुढे जात नसत, हे मी तेव्हा सोयीने विसरले. तू विचारायचीस, आई, बाबा पत्र का नाही लिहीत. मी म्हणायचे, हात दुखतो त्यांचा. तू विषय बदलायचीस. तुला ते खोटं वाटतंय हे मला कळायचं, कारण मलाही ते खोटंच वाटत होतं. आपण दोघी पाच वर्षं एकच गोष्ट धरून बसलो, की त्यांनी तुला मनातून काढलं. मी तर त्यांच्यावर रागावूनही होते. त्यांना चहा द्यायचे, औषध द्यायचे, आणि आत रागावलेली असायचे.

दोन वर्षांपूर्वी, बाबांच्या शेवटच्या आठवड्यात महाडच्या दवाखान्यात अश्वजितने त्यांची दाढी केली होती, आठवतं? बाबा त्याचं मनगट धरून म्हणाले होते, "तुझा हात चांगला आहे." नर्स हसली, तूही हसलीस. अश्वजित म्हणाला, "सलून टाकतो आता." मला तेव्हा काहीतरी टोचलं होतं. काय, ते कळलं नाही.

आता गेल्या पंधरवड्याचं सांगते. तू पुन्हा विचारलंस, बाबांच्या पेनाला नवी निब घालायची तर तुझ्या तिकडच्या पेनवाल्याला नंबर हवाय, त्याशिवाय तो नवी निब देत नाही. मी पेन काढून बघितलं. निबवर काहीच वाचता येईना, मीच घासलेली ती. म्हणून गेल्या आठवड्यात सोमवारी महाडला मुरारीकडे गेले. घड्याळं दुरुस्त करणारा तो, बाबांचा दासगावच्या शाळेतला विद्यार्थी. दुकानात पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, तिच्या वर त्याने सगळी घड्याळं टांगली आहेत. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "वैनी, ही राखेनं घासलीत? निब हाय की कढई?" मी म्हटलं, तू नंबर बघ. मग मलाच राहवेना म्हणून बटणांच्या डबीतून काढून सोबत आणलेली जुनी निबही त्याच्यापुढे ठेवली. दोन्ही मोजल्या, पस्तीस मिलिमीटर. मला हायसं वाटलं. म्हटलं, म्हणजे एकच ना? तर म्हणाला, "लांबी एक. ते पेनात बसायचं माप. टोकाचं माप येगळं असतं, रेघ केवढी उमटायची ते. ही नवी जाड टोकाची हाय. जुनीचं टोक वाकलंय, नुसतं बघून सांगता येणार नाय. गुरुजींनी तिच्यानं लिहिलेलं काही आणा. आणि हिच्यानं लिहिलेलं पण."

चैत्राली, निबला दोन मापं असतात हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.

जुन्या निबचं लिहिलेलं घरात पुष्कळ होतं. नवीचं कुठून आणणार? त्यांनी तर काही लिहिलंच नव्हतं. मंगळवारी दिवसभर मी कपाटं उपसली. मग बसल्या बसल्या समोरच्या फळीकडे लक्ष गेलं. माझी पुस्तकं. बाबा एका बाजूने कोरा असलेला कागद कधी टाकत नसत, त्याची कव्हरं घालायचे माझ्या पुस्तकांना, लिहिलेली बाजू आत ठेवून. मी एकेक कव्हर सोडवायला लागले. प्रश्नपत्रिका निघाल्या, हजेरीचे तक्ते निघाले. आणि ज्या तीन पुस्तकांची कव्हरं त्या वर्षीच्या पावसाळ्यात घातली होती, त्यांच्यात तीन कागद निघाले, जाड अक्षरातले.

पहिल्यावर 'चि. चैत्राली आणि चि. अश्वजित यांस अनेक आशीर्वाद. तुमच्या लग्नाला मी आलो नाही, त्याचं' एवढंच. दुसऱ्यावर 'मी यायला हवं होतं. माझ्या शाळेत मी मुलांना जे शिकवलं ते मलाच' आणि पुढे शाई फुटून डाग. तिसऱ्यावर मजकूर नाही. तुमची दोघांची नावं आहेत, एकाखाली एक अकरा वेळा, मुलं शाळेत गिरवतात तशी. चैत्राली आणि अश्वजित. चैत्राली आणि अश्वजित. ती तिन्ही पुस्तकं मी या सात वर्षांत किती वेळा हातात घेतली असतील.

बुधवारी मी ते कागद मुरारीकडे नेले. त्याला वाचू नको म्हटलं, नुसती रेघ बघ. त्याने जुन्या पत्राशेजारी ठेवून भिंगातून पाहिलं, बराच वेळ. म्हणाला, जुनं टोक बारीक होतं, अगदी बारीक. मी विचारलं, आणि हात? कापलाय का कुठे? तो म्हणाला, "कापला असता तर रेघ वाकडी दिसली असती. ही बघा, शिरोरेघ दोरीवानी सरळ हाय. गुरुजींचा हात काय गेला नव्हता, वैनी. निब गेली होती." त्याला काय माहीत तो काय बोलला ते. वर विचारतो, "चहा मागवू?" मी नको म्हटलं आणि तिथून स्टँडपर्यंत कशी चालत आले ते आठवत नाही.

तर तुझ्या पेनवाल्याला सांग, पस्तीस नंबर, टोक बारीक. नुसतं पस्तीस सांगू नकोस.

परवापासून तुझे पाच फोन आले आणि मी एकही उचलला नाही. अश्वजितचाही आला होता. तुम्ही विचारणार, आई, हे कागद काय आहेत, सोबत एक ओळसुद्धा का नाही. फोनवर मी पुन्हा 'शाई नवीन होती'सारखं काहीतरी बोलून मोकळी झाले असते, म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुझ्या वडिलांनी तुला टाकलं नव्हतं. पत्र थांबलं ते माझ्या हातून, आणि लग्नाला येणं थांबलं तेही माझ्याच तोंडून. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तुझं तू ठरव. मुरारीकडून आले त्या रात्री मला झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पाणी भरून झाल्यावर मी पोलादपूरच्या पोस्टात गेले आणि ते तिन्ही कागद तुम्हा दोघांच्या नावावर पाठवले.

तुझीच,
आई