तीनशे बारा नग

सोमवार, ८ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या सुरुवातीच्या काळाची नोंद सापडत नाही आणि नंतर सगळ्यांची पंचाईत होते.

आज केंद्र सुरू झालं. शेलूबाजारहून सात किलोमीटरवरच्या तांड्यातली जिल्हा परिषदेची शाळा. वेळ शाळा सुटल्यावर साडेचार ते सहा. विषय इंजिनिअरिंग. मी केंद्रप्रमुख. केंद्रात दुसरं कोणी नाही, तरी प्रमुख तो प्रमुख. बीई मेकॅनिकल, दोन वर्षं पुण्यात कंपनी, मग सहा वर्षं घरी. इतकी वर्षं कशाची वाट पाहत होतो ते आज कळलं.

बावीस मुलं आली. केंद्र चालवणाऱ्या पुण्याच्या संस्थेनं मोठा डबा पाठवलाय: मोटारी, गिअर, चाकं, वायरी. जोडले की गाडी होते आणि चालते. मुलं डब्याला चिकटली. मी म्हटलं, आधी पाया पक्का, मग डबा. 'इंजिनिअर कोणास म्हणावे' यावर दीड तास बोललो. मुलं गप्प होती. भारावली असणार.

संकल्प: पाचला उठणे. चहा बंद. मार्चपर्यंत तांड्यातून निदान सहा भावी इंजिनिअर.

मंगळवार, ९ सप्टेंबर
पाचला जाग आली होती, पण नोंदवण्याइतकी पक्की नव्हती. साडेसात.

हेडमास्तर उदयसिंग सर म्हणाले, डबा शाळेत ठेवायचा तर डेडस्टॉक रजिस्टरला चढवावा लागेल. म्हणजे शाळेच्या घंटेपासून खुर्चीपर्यंत सगळं ज्यात लिहिलेलं असतं ती जाड वही. तीत चढलेली वस्तू तुटली की अर्ज, पंचनामा, तालुक्याचा शेरा. सर जानेवारीत रिटायर होतायत, त्यांना खाडाखोड नको. मला ही शिस्त फार आवडली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
तीन दिवस मोजणी. कागदावर तीनशे बारा नग. आमचे कधी तीनशे अकरा, कधी तीनशे चौदा. मुलं खुशीत, एकही गैरहजर नाही. रंजीता नावाची सातवीतली मुलगी प्रत्येक नग उलटासुलटा करून बघत होती, तिच्यामुळे वेळ गेला. समज दिली. शेवटी तीनशे बारा जमले. टाळ्या. डबा कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

पहिला टप्पा यशस्वी. दोन चहा झाले, पण ते उदयसिंग सरांचे.

गुरुवार, १८ सप्टेंबर
फळ्यावर गिअर काढला. चोवीस दात. सारखे यायला हवेत, त्यात साडेपाच वाजले. रंजीतानं विचारलं, हा फिरतो कसा. मी म्हटलं, ते मॉड्यूल चार, आपण एकमध्ये आहोत.

हजेरी सतरा. कारण: हवामान.

बुधवार, २४ सप्टेंबर
रंजीता जुन्या चपलेच्या तळव्यातून कापलेली दोन चाकं घेऊन आली. कडेनं बाभळीचे काटे टोचलेले, मध्ये सायकलची तार. एक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं. मुलं त्यांच्या गोरमाटी बोलीत एकदम बोलायला लागली, वर्गाची शिस्त गेली. मी ते जप्त केलं. काटे लागू शकतात, शिवाय साहित्य प्रमाणित नाही. संस्थेचा सुरक्षेचा फॉर्म भरला. घटना एक, जखमी शून्य.

घरी बायकोला, साधनाला दाखवलं. ती उपकेंद्रात नर्स आहे, तिला मशिनरीतलं कळत नाही. बराच वेळ फिरवत बसली. मग विचारलं, हे जप्त काहून केलं. मी सुरक्षेचं समजावलं. तिनं ते फळीवर देवाच्या बाजूला ठेवलं आणि कुकर लावला.

सोमवार, ६ ऑक्टोबर
सोयाबीनची सोंगणी, मुलं कापणीला शेतात. हजेरी चार. मी सहापर्यंत खुर्चीत बसून होतो. काही वाटलं नाही. हल्ली बऱ्याच गोष्टींचं काही वाटत नाही. अनुभवानं येत असावं.

पुण्याहून संस्थेच्या योगिनी मॅडमचा फोन. मुलं काय बनवतायत त्याचा व्हिडिओ पाठवा म्हणाल्या. मी म्हटलं, सध्या संकल्पनांवर भर आहे. त्यांनी फोन ठेवून दिला. रेंजचा प्रॉब्लेम.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
रंजीताची आई ललिताबाई आली. दाराबाहेर चपला काढून उभी. दिवाळी झाली की ती आणि नवरा लालसिंग ऊसतोडीला सांगलीकडे जाणार, मुकादमाचा ट्रक ठरलाय. मागच्या साली रंजीताही बरोबर होती, धाकट्या बादलला सांभाळायला आणि भाकरी टाकायला. पाच महिने शाळा बुडाली. यंदा पोरीला इथं आजीजवळ ठेवायचं तिच्या मनात आहे. लालसिंग ऐकत नाही. सातवीपर्यंत आली, पुरे म्हणतो.

ललिताबाई म्हणाली, "सर, माही पोट्टी तुमच्यापाशी काय शिकते, ते तिच्या बापाले एकडाव दाखवा. तिच्या हातानं करू द्या. त्यानं डोळ्यानं पाह्यलं तं नाई नाई म्हनत. मंग मी तिले सासूपाशी ठेवून जातो."

मी शब्द दिला. मामुली काम. पण मामुली पद्धतीनं करायचं नाही. भव्य प्रदर्शन घ्यायचं.

शनिवार, ११ ऑक्टोबर
बॅनरचा मजकूर चौथ्यांदा बदलला. माझं नाव मध्यम आकारात, नम्रता दिसावी म्हणून. फोटो मात्र मोठा.

प्रदर्शनाला यायला योगिनी मॅडमना सहा नोव्हेंबर जमतं. ट्रक सत्तावीस ऑक्टोबरला निघतो. तारखेचं काहीतरी बघू.

साधना म्हणाली, "कपाट उघडा अन् त्या पोरीच्या हातात द्या. बॅनर कायले पाह्यजे?" तिनं कधी इव्हेंट केलेला नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
उदयसिंग सर आज स्वतःहून म्हणाले, उघडा आता तो डबा, पोरांसाठीच आला हाय, काही तुटलं तर मी पाहून घेतो. मी म्हटलं, मॅडमच्या भेटीच्या दिवशी नग पूर्ण दिसले पाहिजेत. त्यांनी मला हात जोडले. प्रभावित झाले असावेत.

एक गोष्ट लिहिली नव्हती. सप्टेंबरात एकदा मुलं गेल्यावर मी एकट्यानं डबा उघडला होता. गाडी जोडली. मोटार फिरली नाही. वायरी उलटसुलट करून पाहिल्या, तरी नाही. सगळं जसंच्या तसं भरून ठेवलं. बॅटरी कच्ची असणार. कोणी पाहिलं नाही, म्हणून नोंद नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. करंज्या सहा. फटाके नाहीत. काही वाटलं नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर
ललिताबाई जीपनं घरी आली. सर, सोमवारी ट्रक हाय, कधी दाखवता. बॅनर अजून छापून यायचा आहे हे तिला सांगून उपयोग नव्हता. साधना पाण्याचा तांब्या घेऊन मध्येच उभी राहिली आणि माझ्या वतीनं बोलून गेली की रविवारी अकरा वाजता.

रविवार, २६ ऑक्टोबर
दहालाच पोचलो. शाळेला सुट्टी, दाराची किल्ली उदयसिंग सरांकडून आणली. लालसिंग धुतलेला शर्ट घालून आला होता. ललिताबाई, रंजीता, बादल. मी प्रास्ताविक करणार होतो, लालसिंग म्हणाला, सर, ट्रकची बांधाबांध हाय.

डबा उघडला. सगळं पाकिटात, कोरं. लालसिंग उकिडवा बसला आणि पोरीला म्हणाला, चालव. रंजीतानं मोटार हातात घेतली. वायरी पाहिल्या. चाक लावलं, काढलं, पुन्हा लावलं. दीड महिन्यापूर्वी मोजायला म्हणून हातात आली होती, त्यानंतर आजच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, तुमी एकडाव करून दाखवा. मंग मी करतो."

मी घेतलं. पंधरा मिनिटं गेली. गाडी जोडून झाली. बटण दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. बादल हसला, त्याच्या आईनं त्याला गप्प केलं. मी म्हटलं, बॅटरी कच्ची आहे.

लालसिंगनं आवाज चढवला नाही. विचारलं, "सर, हे सामान येऊन किती दिस झाले?" मी म्हटलं, दीड महिना. तो उठला, पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चाल बाई."

रंजीतानं आधी गाडी सुटी केली. एकेक नग ज्याच्या त्याच्या पाकिटात घातला, झाकण लावलं. म्हणाली, "नग बरोबर हायेत सर. म्या मोजले." ललिताबाईनं दारातून मला नमस्कार केला. मीही केला.

साधनानं विचारलं, ते चपलेच्या चाकांचं काहून नाही दाखवलं तिच्या बापाला. मी म्हटलं, ते संस्थेच्या साहित्यात बसत नाही. ती जेवायला वाढून बाहेर जाऊन बसली. जेवलो. काही वाटलं नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर
ट्रक सकाळी सातला गेला असं कळलं. मी आठला उठलो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
योगिनी मॅडमची भेट. बॅनर लागला. हजेरी तीन, तीही बॅनर बघायला. बाकीचे ऊसतोडीला, वीटभट्टीला. मॅडमनी डबा तपासला. म्हणाल्या, अकरा केंद्रं पाहिली, इतकं कोरं किट कुठंच नाही. मी मान झुकवून कौतुकाच्या पुढच्या वाक्याची वाट पाहिली. पुढचं वाक्य असं की कारंज्याच्या केंद्रात मुलांनी वापरून वापरून किट संपवलंय, तर हे तिकडे द्यावं. इथलं केंद्र या महिन्यापासून बंद. शनिवारी पाचला जीप येईल.

उदयसिंग सरांनी रजिस्टरमध्ये कुठे चढवलं होतं ते शोधून त्यावर 'परत' असं लिहिलं. खाडाखोड झाली नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर, सायंकाळ
चारला शाळेत गेलो. एकटाच. जीप यायला तास होता, म्हणून डबा उघडला. झाकणाच्या आतल्या बाजूला खिसा आहे, त्यात पत्रक. चित्रं आहेत, मराठीतही आहे. मी आजवर ते वाचलं नव्हतं. बीई मेकॅनिकल माणूस लहान मुलांचं पत्रक कशाला वाचेल.

पहिलीच ओळ: बॅटरीखालची पारदर्शक पट्टी ओढून काढा. वाहतुकीत बॅटरी संपू नये म्हणून ती लावलेली असते.

होती. नखाएवढी, प्लॅस्टिकची. ओढली. गाडी जोडली, बटण दाबलं. रिकाम्या वर्गातून सरळ गेली, समोरच्या भिंतीला लागली आणि तिथंच चाकं फिरवत राहिली. वीस मिनिटं लागली सगळी मिळून. रंजीताला पाच पुरली असती.

लाज वाटली. नीट वाटली, छातीत. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि ते हे.

जीपवाल्यानं हॉर्न दिला. नग भरून दिले. ललिताबाईचा नंबर मोबाईलमध्ये आहे. लावायला घेतला, मग राहू दिला. उसाच्या फडात असतील, लालसिंग कोयता घासत असेल, पोरगी भाकऱ्या टाकत असेल. त्यांना सांगणार काय, की एक पट्टी ओढायची राहिली होती.