गोळी बंद

बेला,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

ति. दादांस,

आमच्या मंडळीत पत्राच्या सुरुवातीला 'प्रभूच्या नावात सलाम' लिहितात. ते वाचून तुम्ही पत्र तिथंच मिटाल, म्हणून साधा नमस्कार करते. वहिनींना आणि देवश्रीला माझी आठवण सांगा.

अक्षर वाकडं आलं आहे. उजव्या हाताला पट्टी आहे. चुलीजवळ जरा भाजलं, काळजीचं काही नाही.

इकडे कापसाची वेचणी जोरात आहे. मजूर मिळत नाहीत. माझ्या वांग्यांना यंदा कीड कमी आहे. तुमच्या औषधांच्या दुकानातलं गोळ्यांचं पुडकं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रामाजी कंडक्टर आणून देतात. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी "तू आमाले मेली" म्हणालात, त्याला सहा वर्षं झाली. पण चार वर्षांत पुडकं एकदाही चुकलं नाही. मी रिकामी पिशवी परत पाठवते. तेवढाच आपला पत्रव्यवहार.

आज तशाच पिशवीतून, रामाजींच्या हाती, पत्र येत आहे, म्हणजे काही तरी बिनसलं हे तुम्ही ओळखलं असेलच.

ऑगस्टमध्ये मंडळीचा वर्धापनदिन होता. आमच्यात अशा वेळी उठून साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगतात. अय्यगारूंनी (आमचे पाळक, तेलुगू माणूस) मला उभं केलं. मी म्हणाले, "दवाखान्यात माझ्या फिटच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. मी रडून प्रार्थना केली. देवानं सोय केली. तेव्हापासून एकदाही फिट आली नाही."

दादा, ती सोय म्हणजे तुम्ही. दवाखान्यात गोळ्या येणंच थांबलं, तेव्हा महिनाभर मी प्रार्थना करत होते आणि एका सोमवारी रामाजींनी बसच्या खिडकीतून पिशवी पुढं केली. मला त्यात देव दिसला, खोटं नाही सांगत. पण तुमचं नाव घेतलं नाही. मंडळीला शिव्या देणाऱ्या भावाचं नाव त्या दिवशी कसं घ्यावं, असं वाटलं.

अय्यगारू माझं बोलणं पाहुण्यांसाठी तेलुगूत सांगत होते. "मात्रलू मानेसिंदी," ते म्हणाले. म्हणजे गोळ्या सोडून दिल्या. मला शाळेतलं तेलुगू येतं, मला लगेच कळलं. मी हात वर करणार, तेवढ्यात ते आपल्या मोडक्या मराठीत ओरडले, "गोळी बंद, बीमारी बंद!" सगळी मंडळी तेच म्हणू लागली. टाळ्या, हालेलुया. सोजरबाई येऊन माझ्या गळ्यात पडली.

मी हात खाली घेतला.

सोजरबाई कोण ते सांगते. फिट आली की गावात माझा कप वेगळा ठेवायचे. मंडळीत पहिल्या दिवशी तिनं माझ्या उष्ट्या कपातून चहा प्याला आणि म्हणाली, "मलेबी तेच हाय माय. आपली बीमारी एक, आपला कप एक." तुमच्या गोळ्या सुरू होण्याआधी एकदा सोयाबीनच्या दिवसांत मी पडले, तर माझ्या वावरातलं पीक तिनं सोंगून दिलं. तुम्ही मंडळीला ढोंगी म्हणता. तिथं ढोंग आहे. पण तो कपही तिथंच मिळाला.

वर्धापनदिनानंतरच्या रविवारी सोजरबाईनं आपल्या गोळ्या सगळ्यांसमोर चुलीत टाकल्या. आतापर्यंत चारदा पडली. एकदा विहिरीच्या काठावर. मी तिला माझ्या गोळ्या द्यायला गेले, तर हसली. "काऊन वं, तूच सांगतलं ना? आता तूच माहा विश्वास मोडून राह्यली?"

काल अय्यगारूंकडे गेले. ते वाईट नाहीत. माझ्या नवऱ्याच्या मयतीला खड्डा त्यांनी स्वतः खणला होता. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अम्मा, साक्ष वापस नाही होता. लोगां का विश्वास टूटेगा." बोलता बोलता चष्मा काढून पुसत होते. 'मग चष्मा बंद, डोळे चांगले असं का नाही?' हे माझ्या ओठांवर आलं होतं. बोलले नाही. माझी सवयच ती.

आता हाताचं सांगते.

साक्ष खोटी ठरू नये म्हणून सप्टेंबरअखेर मीही गोळ्या सोडल्या. वाटलं, आपण सोडल्या की झालेलं बोलणं खरं होईल, देव तेवढं सांभाळून घेईल. तुमची शेवटची दोन पुडकी पिठाच्या डब्यात तशीच आहेत. रिकामी पिशवी मात्र मी दोन्ही वेळा पाठवली. तुमच्याशीही खोटंच बोलले, तेही न बोलता. परवा मंगळवारी भाकर थापताना पडले. शुद्ध आली तेव्हा हात तव्यावर होता.

येत्या रविवारी पैनगंगेवर सोजरबाईचा इतकी वर्षं राहिलेला बाप्तिस्मा आहे. आदिलाबादहून पाहुणे येणार आहेत. पाण्यात तिचा हात मी धरावा अशी तिची इच्छा आहे, आणि धरायचा तो खोल बाजूनं. दोघींनी मिळून साक्ष द्यावी, असं अय्यगारूंनी जाहीर केलं आहे. मी नाही म्हटलं तर ती दुसरीचा हात धरून उतरेल. ती थांबणार नाही.

आज सकाळपासून मी गोळी परत सुरू केली. पण तुम्हीच सांगायचे की बंद केलेलं औषध पुन्हा अंगात मुरायला दिवस लागतात. रविवारला तीनच दिवस आहेत.

मी पाण्यात उतरण्याआधी काठावर खरं सांगणार आहे. मंडळी मला काढेल, कदाचित त्या दिवशी कुणी ऐकणारही नाही. मी मंडळी सोडणार नाही, हेही तुम्हांला सांगून ठेवते. पण आमच्या शास्त्रात एकाची साक्ष धरत नाहीत, दोघे लागतात. माझ्या बोलण्याला दुसरा माणूस जगात एकच आहे. त्यानं चार वर्षं पुडकी बांधली.

पिशवी या वेळी रिकामी नाही. सोजरबाईच्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी तिच्या सुनेकडून मागून आत ठेवली आहे. त्या गोळ्या दुकानातून घेऊन या. प्रार्थनेला उभे राहू नका, चप्पलही काढू नका. फक्त काठावर, मला दिसाल असे उभे राहा.

पहिली बस साडेआठला बेल्यात येते. तिथून नदीवर यायला रामाजी कुणाची तरी गाडी मिळवून देतील. आम्ही नऊला पाण्यात उतरतो.

तुम्हांला मेलेली,
आणि रविवारपर्यंत जपून राहणारी,
रेणुका