लंडनला सोडलेली जागा

७८६
कापूरहोळ, ता. भोर
४ फेब्रुवारी १९९९

चि. शगुफ्तास,
भाई शफीचा सलाम व अनेक दुवा. वि. वि.

अम्मीचं तिकीट हाती आलं. सोळाला सकाळी निघेल. मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर, साडेनऊ तास. तिथं विमान बदलून शिकागो, आणखी सहा हजार साडेतीनशे, नऊ तास. मधलं थांबणं धरून बावीस तास. अम्मी म्हणते, भोरहून पुण्याला यस्टीला दोन तास, म्हंजे अकरा वेळा पुणं, त्यात काय! पण सोळाला निघून सोळालाच पोचणार, हे काही तिला पटेना.

तुझं बाळंतपणाचं ऑपरेशन अठराला. मागचं बाळ गेलं तेव्हा तू एकटी होतीस, हे तिच्या मनातून जात नाही. आमच्या जावयांना, फुरकानना, विमानतळावर वेळेत जायला सांग.

लोभ आहेच, तो वाढवावा.
तुझा भाई, शफी

शिकागो
२५ फेब्रुवारी

ती. भाईंस,
शगुफ्ताचा सलाम. वि. वि.

मुलगी झाल्याचं फोनवर कळवलं, बाकीचं आता लिहिते. लंडनला दाट धुकं पडलं, विमानं बंद. अम्मी दीड दिवस बाकावर बसून होती. शेजारी साताऱ्याकडच्या रतनबाई, त्याही एकट्याच. त्यांचा इथला मुलगा मोटारीच्या अपघातात बेशुद्ध होता. सतराला धुकं निवळलं. माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहून अम्मीला पहिल्या विमानात जागा मिळाली, एकच. ती तिनं रतनबाईंना दिली! विमान कंपनीच्या तिथल्या बाईनं आम्हाला फोन करून हे सांगितलं तेव्हा मी रागानं रडले, भाई. इथं मी भीतीनं अर्धी झालेली, आणि हिनं परक्या बाईला जागा द्यावी?

अठराला दुपारी मला आत नेत असताना ती आली. फुरकानचे मित्र तिला विमानतळावरून थेट घेऊन आले होते. पाय सुजलेले, तोंडावर हसू. म्हणाली, "तुज्याजवळ फुरकान हाय. त्या पोराजवळ कुनीच नव्हतं."

काल रतनबाईंचा फोन आला. मुलानं त्यांना ओळखलं, हाक मारली. इथल्या सगळ्या मैत्रिणींना मी सांगत सुटले आहे, अशी आई कुणाला नसेल. एवढं धैर्य तिच्यात आलं कुठून?

घरातल्या सगळ्यांना सलाम. माया अशीच ठेवा.
तुमची, शगुफ्ता

शिकागो
२ मार्च

चि. शफीस, अम्मीची लई लई दुवा.

नात गोरीपान हाय, नाक तुज्यावानी. शगुफ्ता आता घरात हिंडती-फिरती. ती हितं सगळ्यांना सांगती, अम्मी लई धीराची. म्या गप ऱ्हाते. पन तुला सांगते. रतनबाईचं इमान गेलं आन् म्या न्हानीघरात जाऊन कडी लावली. तोंडात पदर कोंबून रडले. वाटलं, माज्या हातनं चूक झाली. पोरीला काय झालं, तर मला कोन माफ करंल? रातभर पुढच्या इमानाचा कागद छातीशी धरून बसले.

हे तिला कळवू नगंस. तिला तिची अम्मी तशीच धीराची ऱ्हाऊ दे.

जिवाला जप, जीव लावत ऱ्हा.
तुजी अम्मी, जमीला