अकरा वेळा पोर्ट ब्लेअर

चेन्नई,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांना रिनाचा साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, झोप होते, वजन दोन किलो वाढलं आहे. ही बातमी मायसाठी, तिला आधी सांगा. तुमच्यासाठी बातमी अशी की गेल्या आठवड्यात कोचीला सोसाट्याच्या वाऱ्यात विमान उतरवलं आणि शेजारी बसलेल्या कॅप्टनने नुसती मान हलवली. आमच्याकडे एवढी शाबासकी पुष्कळ झाली. तुम्हीही मला कधी याहून जास्त दिली नाही.

पत्र कशाला, असं म्हणाल. तर तुम्ही फोनवर "कशी शे? बरं. ले, तुन्ही मायसंगे बोल" एवढं म्हणून मोकळे होता, आणि मला जे सांगायचं आहे ते एवढ्यात मावत नाही. चष्मा लावून घरी एकट्याने वाचा. स्टँडवर नेऊ नका. माझ्याबद्दल पेपरात आलं होतं तेव्हा तुम्ही तळोद्याच्या प्रत्येक जीपवाल्याला ते वाचून दाखवलं होतं, आणि चहावाल्याला तर दोनदा.

आधी तुम्हाला आमची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कॉकपिटमध्ये आम्हा दोघांच्या मागे एक घडीची सीट असते, तिला जंपसीट म्हणतात. विमान भरलेलं असलं आणि आमच्यातल्या कुणाला सुटीच्या दिवशी स्वतःच्या कामाने जायचं असलं, तर ती मिळू शकते. हक्काने मात्र नाही. विमान सुटण्याआधी कॅप्टनसमोर जाऊन उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं आणि विचारायचं, "सर, तुमच्याबरोबर येऊ का?" नाही म्हणाले तर बॅग उचलून परत फिरायचं, का म्हणून विचारायचं नाही. हो म्हणाले तर पट्टे बांधून मुकाट बसायचं. विमान चढताना आणि उतरताना तर तोंडच उघडायचं नाही. तुमच्या जीपमध्ये गिअरपाशी अंग चोरून बसलेला माणूस प्रत्येक वळणाला "आबा, दमखन, हळू" म्हणतो, तसलं इथे चालत नाही.

आमच्यातले बरेच जण या सीटवर बसून बेटांवर जातात. धीरज म्हणून माझ्या बॅचचा एक आहे, तो सुटी मिळाली की मालदीव गाठतो आणि वांग्यासारखा भाजून परत येतो. मी पोर्ट ब्लेअरला जाते. दोन वर्षांत अकरा वेळा गेले. तुम्हाला प्रत्येक वेळी ड्युटी म्हणून सांगितलं. माय तेवढी कुरकुरायची, "काळा पानीले कसाले जास वं सारखी?" आबा, त्यातली एकही ड्युटी नव्हती.

समुद्र खरंच सुंदर आहे हं. दोन तास नुसतं निळं, आणि मग एकदम हिरवी बेटं दिसायला लागतात, कडेला पांढरी वाळू. पुढच्या दोघांना कामं असतात, त्यामुळे ते पाहायला सवड फक्त जंपसीटवाल्याला मिळते. पण मी काही ते पाहायला जात नाही.

तुम्हाला कधी शंका आली नाही का, की मी एकटी दर खेपेला एवढं आमचूर आणि एवढी ज्वारीची बिबडी कुठे संपवते? मायला आली असावी. मागच्या दिवाळीत पिशवी हातात देताना ती म्हणाली, "त्याले आंबट आवडस, जास्त टाकेल शे." कुणाला आवडतं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पिशवी घेतली आणि निघाले.

हेमराजभाऊ तिथे आहे. चांगला आहे. आधी ठेकेदाराबरोबर रस्त्याच्या कामावर होता, आता पर्यटकांची बोट चालवतो आणि बोटीवरच्या लोकांना दरडावतो, अगदी तुमच्या आवाजात. त्याच्या बायकोचं नाव सीमा. तिचे आजोबा रांचीकडून जंगलकामाला आले आणि तिथलेच झाले. सीमा हसरी आहे आणि भाऊला मुळीच भीत नाही. तिला बिबडी भाजायला मी शिकवलं, आता माझ्यापेक्षा चांगली भाजते. नोव्हेंबरमध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे कान तुमच्यासारखे आहेत, बिचारीचे.

तुम्ही इथे पत्र खाली ठेवाल, हे मला ठाऊक आहे. पाणी प्या, पण परत उचला.

डिसेंबरमध्ये मी बारशाला म्हणून गेले होते. आपल्यात नाव फुईने ठेवायचं, आणि त्या पोरीच्या बापाला बहीण मी एकटीच. त्या दिवशी कॅप्टन राघवन होते. मी विचारलं, "सर, येऊ का?" ते म्हणाले, "पुन्हा पोर्ट ब्लेअर? आहे काय एवढं तिथे?" मी सवयीने म्हणाले, "मासे बघायला जाते." ते हसले आणि बस म्हणाले. मी पट्टे बांधले आणि मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. ज्या माणसाने मला आपल्या पाठीशी बसू दिलं, त्याला मी कारण नसताना खोटं सांगितलं होतं. मला खोटं बोलायची किती सवय झाली आहे, हे तेव्हा कळलं.

बारसं झालं नाही. पाळणा बांधला होता, शेजारणी जमल्या होत्या, सीमाने शिरा केला होता. मी कानाशी वाकले आणि मला नाव सांगता येईना. ज्या तोंडाने बारा वर्षं तुम्हाला फसवलं, त्याच तोंडाने तिला आयुष्यभराचं नाव कसं द्यायचं? मी म्हणाले, आज घसा बसलाय, पुढच्या वेळी ठेवू. शेजारणी शिरा खाऊन गेल्या. बारा वर्षांत त्याने एकदाही मला म्हटलेलं नाही की आता सांगून टाक.

आता सांगते. चांदसैली घाटात जीप भाऊ चालवत नव्हता. मी चालवत होते.

गाडी रिकामी होती. मीच त्याच्या मागे लागले होते, दे ना रे, दे ना. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, मी घाबरून ब्रेकऐवजी भलतंच दाबलं आणि जीप नाल्यात गेली. आम्ही झुडपात अडकून वाचलो. भाऊने आधी मला उठवून हातपाय चाचपून पाहिले, आणि मग पहिलं वाक्य तो हे बोलला, "तू बाजूले बसेल व्हती. ध्यानम्हा ठेव." मी सतरा वर्षांची, लायसन्स नाही, आणि विमानाच्या शाळेची परीक्षा पंधरा दिवसांवर. केस झाली असती तर तिथेच संपलं असतं. तुम्ही त्याला विचारलंत, दारू प्यायला होतास का, तरी तो गप्प राहिला. तुम्ही म्हणालात, "आते मन्हा दारम्हा उभा ऱ्हाऊ नको." मी चुलीपाशी उभी होते. मी ऐकलं आणि गप्प राहिले.

तुमची जीप गेली, दोन वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या गाडीवर राबलात, आणि मी विमानं शिकले. तुम्ही माझ्यावर रागवावं, फार रागवावं, माझी तयारी आहे. आता लोकांत माझं नाव काढू नये असं वाटलं तर तेही काढू नका. मला सगळ्यात भीती त्याचीच होती, म्हणून तर इतकी वर्षं गेली. पण भाऊवरचा राग आता सोडा, तो त्याचा नाहीच.

बारसं नऊ फेब्रुवारीला आहे. जंपसीट आई-वडिलांना मिळत नाही, ती फक्त आमची. तुमची आणि मायची तिकिटं सोबत पाठवली आहेत, सुरतेपासूनची. आलात तर नाव ठेवेन. नाही आलात तरी मी आता खरं बोलले आहे, तेवढं लक्षात असू द्या.

तुमच्या दोन लेकरांतली धाकटी,
रिना


तळोदा,
२२ जानेवारी

चि. रिनास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. एकट्यानेच वाचले. नंतर तुझ्या मायला वाचून दाखवले, ती म्हणाली, "मले माहित व्हतं." काय माहीत होते ते विचारले तर भाकरी थापत बसली.

मला लिहायची सवय नाही. थोडक्यात लिहितो.

ज्या दिवशी हेमराजला बोललो त्या दिवशी मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी क्रेन लावून जीप वर काढली. टप चेपला होता, पण ड्रायव्हरची सीट शाबूत होती आणि पार पुढे ओढलेली होती. हेमराज सहा फुटी. तो बसला की आधी सीट मागे लोटायचा, नाहीतर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे. मी ती सीट पाहिली आणि गाडी कोण चालवत होते ते ओळखले. मिळेल त्या गाडीने घरी आलो. पोरगा सकाळच्या गाडीने निघून गेला होता.

त्याला परत बोलवायचे तर का बोलावतो ते सांगावे लागले असते. तुझी परीक्षा जवळ होती. म्हटले ती होऊ दे. मग म्हटले शिकून होऊ दे. मग नोकरी लागू दे. नंतर काही कारण उरले नाही, पण तोपर्यंत मला त्याच्याशी बोलायची लाज वाटायला लागली. गप्प तू एकटी बसली नाहीस, रिना. मी बाप असून बसलो. तू पोर होतीस.

तुझ्यावर रागवायचे कसे? स्टँडवर तुझे नाव निघाले की मी मोठ्याने बोलायचो. एका लेकराचे सांगताना दुसऱ्याचे कोणी विचारू नये म्हणून.

आम्ही येतो. विमानाची मला भीती वाटते, हे कोणाला सांगू नकोस. मायने आमचूर काढून ठेवले आहे. पोरीचे नाव तूच ठेव, मी मध्ये बोलणार नाही. हेमराजला म्हण, बापाला काय बोलावे ते सुचत नाही. त्याच्या घरी आलो की दारातच उभा राहीन. त्याने आत ये म्हटले तर येईन.

तुझा आणि हेमराजचा बाप,
नवलसिंग